विश्लेषण : तंबू, पायवाट आणि गळ... नागपूरजवळच्या जंगलात नेमके काय चालते?

हिवाळा लागला की प्रताप नगर, त्रिमूर्ती नगर, खामला भागातल्या अनेक घरांत एकच बेत शिजू लागतो. शनिवारी पहाटे गाडी काढायची, डिकीत तंबू, शेगडी आणि गळ टाकायचा, दिवसभर जंगलात पायी भटकायचे, तळ्याकाठी मासे पकडायचे, रात्री शेकोटीजवळ मुक्काम आणि रविवारी संध्याकाळी घरी. या बेताला खतपाणी बहुतेकदा अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांच्या फोटोंनी घातलेले असते. तिथल्या ‘स्टेट पार्क’मध्ये आखलेल्या पायवाटा, क्रमांक टाकलेल्या तंबूच्या जागा आणि राज्याचा परवाना काढून मासेमारी, हे सगळे एकाच आवारात मिळते.

नागपूरला जंगलाची कमतरता नाही. पेंच, बोर, उमरेड-पवनी-करांडला ही तिन्ही ठिकाणे शहरापासून दीड-दोन तासांच्या अंतरावर आहेत. तंबू तर ऑनलाइन मागवला की दोन दिवसांत दारात येतो. तरीही पायवाट, तंबू आणि गळ या तिन्ही गोष्टी एकाच ठिकाणी करू पाहणारे कुटुंब घरी परतण्याऐवजी वनपरिक्षेत्र कार्यालयात बसलेले असू शकते. असे का, आणि मग यातले काय कुठे करता येते?

सगळे जंगल सारखेच नाही का?

गोंधळाचे मूळ इथेच आहे. डांबरी रस्त्यावरून सगळे सागवान सारखेच दिसते, पण कायद्याच्या दृष्टीने त्याचे वेगवेगळे तुकडे आहेत. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली येतात. व्याघ्र प्रकल्पात हाच भाग साधारणपणे ‘कोअर’ असतो आणि त्याभोवती ‘बफर’. बफरमध्ये गावे, शेते, रस्ते, खासगी रिसॉर्ट असे सगळे असते. त्याबाहेरचे राखीव जंगल भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली येते. धरणे आणि तलावांवर पाटबंधारे विभाग किंवा जिल्हा परिषदेचा ताबा असतो, आणि त्यातल्या माशांचा हिशेब मत्स्यव्यवसाय विभाग आणि सहकारी संस्थांकडे.

म्हणजे एकाच दुपारी चार वेगवेगळ्या नियमांच्या हद्दी ओलांडल्या जाऊ शकतात, आणि हद्दीचा फलक प्रत्येक ठिकाणी असेलच असे नाही.

पेंचचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातील पेंच राष्ट्रीय उद्यान १९७५ मध्ये घोषित झाले, क्षेत्र सुमारे २५७ चौरस किलोमीटर. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस ते व्याघ्र प्रकल्पात आले. २०१० मध्ये शेजारचे मानसिंगदेव अभयारण्य झाले. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा ही प्रवेशद्वारे नागपूरकरांच्या परिचयाची आहेत. प्रताप नगरातून रिंग रोडने निघून कामठी, कन्हान, मनसर असा जबलपूर महामार्ग धरला की पवनीहून सिल्लारीकडे वळता येते. अंतर ऐंशी किलोमीटरच्या आसपास.

याच महामार्गाचा मनसर ते खवासा हा टप्पा आवर्जून पाहण्यासारखा आहे. चौपदरीकरण करताना इथे वन्यप्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून पूल आणि भुयारी मार्ग मिळून नऊ बांधकामे करावी लागली. त्यातले सर्वात लांब ७५० मीटरचे आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले, तेव्हा रस्त्याखालून जाणाऱ्या १८ जातींच्या प्राण्यांची नोंद झाली आणि त्यात वाघही होते. गाडी वरून ताशी शंभरने जात असताना खालून वाघ रस्ता ओलांडत असतो, हे प्रवाशांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असते.

पायी फिरायचे तर कुठे?

कोअरमध्ये पर्यटकाला पायी फिरता येत नाही. नोंदणीकृत वाहन, सोबत गाइड, ठरलेला रस्ता आणि ठरलेली वेळ, एवढीच मुभा असते. मध्येच गाडीतून खाली उतरणे हाही नियमभंगच. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यटनासाठी कोअरचा जास्तीत जास्त २० टक्के भागच वापरता येतो. पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर, कोअरमधील पर्यटन बंद असते. बफरमधील काही रस्ते पावसाचा अंदाज घेऊन सुरू ठेवले जातात.

चालण्याची हौस असलेल्यांसाठी उत्तर बहुधा घराजवळच आहे. अंबाझरी तलावामागचे जैवविविधता उद्यान सुमारे साडेसातशे हेक्टरांवर पसरलेले आहे आणि तिथे चालण्याच्या तसेच सायकलच्या वाटा आहेत. पहाटे पक्षी पाहणाऱ्यांचा तिथे कायमचा राबता असतो. शहराच्या दुसऱ्या टोकाला गोरेवाडा आहे. २६ जानेवारी २०२१ रोजी तिथे बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणी उद्यानातील ‘इंडियन सफारी’ सुरू झाली. पण सफारीच्या कुंपणाबाहेरचे गोरेवाड्याचे नैसर्गिक जंगलही कमी देखणे नाही.

शहरातले जंगल म्हणजे बाग नव्हे, हेही लक्षात ठेवावे लागते. मे २०२१ मध्ये आयटी पार्कजवळच्या गायत्री नगरात बिबट्या दिसला आणि पुढचे कित्येक दिवस वन विभाग त्याच्या मागावर होता. प्रताप नगरातून ते ठिकाण सायकलने जाण्याच्या अंतरावर. त्याआधी नोव्हेंबर २०१९ मध्ये तर मिहान परिसरात वाघच येऊन गेला. त्यामुळे पहाटे अंधारात, कानात इअरफोन घालून एकट्याने जंगलवाटेवर धावणे हा व्यायाम असेल, शहाणपण नाही.

बफरमध्ये काही ठिकाणी वन विभागाच्या निसर्गवाटा आहेत, पण त्या गावातल्या गाइडबरोबरच चालायच्या असतात. रामटेक आणि पारशिवनी तालुक्यांत वाघाच्या हल्ल्यात गावकऱ्यांचे जीव गेले आहेत. त्यातले बरेचसे रोजच्या पायवाटेने शेतात किंवा मोहफुले वेचायला गेलेले होते. ज्या वाटेवर जन्मभर चाललेला माणूस सावध असूनही सापडतो, तिथे शहरातून आलेल्या पाहुण्याने गाइडचे पैसे वाचवू नयेत.

तंबू ठोकता येतो का?

स्वतःचा तंबू मनाला येईल तिथे ठोकणे हे कोअर, अभयारण्य किंवा राखीव जंगल, कुठेच चालत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम २८ नुसार अभयारण्यात प्रवेशाची परवानगी ठरावीक कारणांसाठीच मिळते : वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन आणि आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार. कलम २७ मध्ये प्राण्यांना त्रास देण्याला आणि कचरा टाकण्याला मनाई आहे, कलम ३० मध्ये आग लावण्याला. शेकोटीचा बेत तिथेच विझतो. उन्हाळ्याच्या तोंडावर सागाचा पाचोळा एका ठिणगीने पेटतो आणि ती आग विझवायला रात्रभर झाडाच्या फांद्या घेऊन वनमजूर धावतात.

मुक्कामाची सोय नाही असे मात्र नाही. सिल्लारीला वन विभागाचे निसर्ग पर्यटन संकुल आहे. बफरमधील गावांत खासगी रिसॉर्ट आहेत, काहींच्या आवारात तंबूही आहेत. तिथे स्वयंपाकघर, कुंपण आणि रात्रीचा राखणदार असतो. तंबूची मजा पुरती मिळत नाही, अशी तक्रार हौशी मंडळी करतात आणि ती खरीही आहे. पण वाघाच्या इलाख्यात कापडाच्या भिंतीवर किती विसंबायचे, हेही ठरवावे लागते.

याहून वेगळा अनुभव हवा असेल तर बुद्ध पौर्णिमेची रात्र आहे. दरवर्षी या रात्री ‘निसर्गानुभव’ उपक्रमात पाणवठ्यालगतच्या मचाणावर बसून चंद्रप्रकाशात येणाऱ्या प्राण्यांची नोंद करता येते. मचाणे मोजकी असतात आणि नोंदणी लवकर भरते. रात्रभर डास, मचाणाची कुरकुर आणि पाण्यावर फक्त रानडुकरे, असेही नशिबी येऊ शकते.

तंबूबाबत एक धोका वाघाइतका गाजत नाही. २०१८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नागपूर आणि विदर्भात स्क्रब टायफसची साथ आली होती. गवत-झुडपांत राहणाऱ्या अगदी बारीक कोळीवर्गीय किड्याच्या चाव्यातून हा ताप होतो. पावसाळा संपता संपता उंच गवतात थेट जमिनीवर झोपणे म्हणूनच टाळलेले बरे. परतल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत ताप आला तर जंगलात गेल्याचे डॉक्टरांना सांगायला हवे. अंगावर सिगारेटने भाजल्यासारखा काळा डाग दिसला तर नक्कीच.

दोन मासे पकडले तर काय बिघडते?

सगळ्यात जास्त वाद याच प्रश्नावर होतात. वन्यजीव कायद्यातील ‘प्राणी’ या शब्दाच्या व्याख्येत मासेही येतात. कलम २९ (अभयारण्य) आणि कलम ३५ (राष्ट्रीय उद्यान) नुसार तिथला कोणताही वन्यजीव नष्ट करणे किंवा बाहेर नेणे गुन्हा आहे. प्रवेशाच्या परवानगीच्या यादीत मासेमारी नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनाला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. काही गंभीर गुन्ह्यांत शिक्षा त्याहून मोठी. बाहेरच्या राखीव जंगलातही सूट नाही : १९२७ च्या अधिनियमातील कलम २६ मध्ये नियम मोडून केलेल्या शिकारीच्या बरोबरीने मासेमारी आणि पाण्यात विष कालवणे यांचाही उल्लेख आहे.

पण पेंचमध्ये माशांचा प्रश्न हौशी गळापुरता कधीच नव्हता. तो समजून घ्यायचा तर तोतलाडोहला जावे लागते.

पेंच नदीवर महाराष्ट्र-मध्य प्रदेश सीमेवर तोतलाडोह धरण उभे राहिले. १६० मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प झाला. सुमारे ७२ चौरस किलोमीटर क्षेत्र पाण्याखाली गेले, त्यातला मोठा वाटा मध्य प्रदेशातील. नदीचा जुना डोह गेला, नावात तेवढा राहिला. इथून सुटणारे पाणी खाली नवेगाव खैरीच्या जलाशयात येते आणि तिथून नागपूर शहराच्या मोठ्या भागाच्या नळांत. म्हणजे वाद ज्या पाण्यावरून झाला, तेच पाणी शहर रोज पिते.

जंगलातल्या गावांतून उठलेल्या लोकांची उपजीविका याच नदीवर आणि रानावर होती. मध्य प्रदेशच्या मुख्य वन्यजीव रक्षकांनी अशा विस्थापित आदिवासींना जलाशयात मासेमारीचे ३०५ परवाने दिले. त्याला ‘अ‍ॅनिमल अँड एन्व्हायर्नमेंट लीगल डिफेन्स फंड’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले. ५ मार्च १९९७ रोजी निकाल आला. न्यायालयाने परवाने रद्द केले नाहीत. जंगल आणि वाघ वाचवायला हवेतच, पण तिथून उठवलेल्यांचा पोट भरण्याचा हक्कही विचारात घ्यावा लागेल, अशी न्यायालयाची भूमिका होती. राष्ट्रीय उद्यानाची अंतिम अधिसूचना तोवर निघालेली नव्हती, हेही न्यायालयाने पाहिले आणि ती लवकर काढायला सांगितले.

परवान्यांवर अटी मात्र कडक घातल्या. परवान्यावर छायाचित्र हवे, तो दुसऱ्याला देता येणार नाही. ठरलेल्या रस्त्यानेच पाण्यापर्यंत जायचे, जंगलाच्या इतर भागात शिरायचे नाही. वाटेत चूल पेटवायची नाही, कचरा टाकायचा नाही. जलाशयातल्या बेटांवर उतरायचे नाही. किती मासे पकडले याची रोज नोंद ठेवायची. आज हौशी पर्यटकाला जे नियम जाचक वाटतात, जवळपास तेच नियम पोटासाठी मासे पकडणाऱ्यांना न्यायालयाने तेव्हाच घालून दिले होते.

महाराष्ट्राच्या बाजूची कथा वेगळी आहे. धरणाच्या बांधकामासाठी आलेले बरेच मजूर काम संपल्यावर तिथेच राहिले आणि मासेमारीकडे वळले. वस्ती झाली, मासळीचा व्यापार उभा राहिला. पुढे ती वस्ती हटवण्यात आली, तरी रात्री नावा घालून जाळी टाकणे थांबले नाही. वनकर्मचारी आणि मासेमारांत चकमकी झाल्या. आजही जलाशयातली गस्त हे पेंचच्या कर्मचाऱ्यांचे सर्वात जिकिरीचे काम आहे.

जाळ्याने जंगलाचे नुकसान होते ते फक्त मासे कमी झाल्याने नाही. जाळ्यात कासवे अडकतात, पाणमांजरे अडकतात. मगरीचे आणि मासेखाऊ पक्ष्यांचे अन्न जाते. काठावर मुक्काम पडला की सरपण तोडले जाते, चूल पेटते. उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळावर कोवळे गवत उगवते. त्यावर चितळ, गवे उतरतात आणि त्यांच्यामागे वाघ. नेमक्या त्याच पट्ट्यात माणसांचा वावर असतो.

तरीही या प्रकरणात खलनायक शोधणे सोपे नाही. वनहक्क कायदा, २००६ ने जंगलावर अवलंबून असलेल्या समाजांचा पाणवठ्यातील माशांवरचा सामुदायिक हक्क मान्य केला आहे, तर त्याच कायद्यात वन्यजीवांच्या अतिमहत्त्वाच्या अधिवासात हक्कांमध्ये बदल करण्याची वाटही ठेवली आहे. ज्यांचे गाव पाण्याखाली गेले त्यांना पाण्यातला मासा नाकारायचा आणि त्याच पाण्याकाठच्या जंगलात शहरी पर्यटकाला जिप्सीतून फिरवायचे, ही विसंगती गावकरी बोलून दाखवतात, आणि तिचे सोपे उत्तर वन विभागाकडेही नाही. पर्यटनातून गाइड, चालक, स्वयंपाकी म्हणून रोजगार मिळतो हे खरे. पण तो प्रवेशद्वारालगतच्या गावांना मिळतो. पाच-सहा किलोमीटर आतल्या गावापर्यंत तो फारसा पोहोचत नाही.

मग गळ टाकायचाच असेल तर?

संरक्षित क्षेत्राबाहेरचे तलाव आणि धरणे उरतात. पण तिथला मासाही बेवारस नसतो. जलाशय ठेक्याने दिले जातात, बहुतेकदा मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थांना. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे मामा तलावांवर, ढिवर समाजाच्या संस्था पिढ्यान्‌पिढ्या काम करत आल्या आहेत. संस्था ठेक्याची रक्कम भरते, मत्स्यबीज विकत आणते, कतला, रोहू, मृगळाची बोटुकली सोडते आणि पुढे वर्षभर राखण करते. शहरातून आलेल्या पाहुण्याने काढलेला दोन किलोचा रोहू हा त्या संस्थेच्या सभासदांच्या कमाईतला असतो.

म्हणून आधी गावात संस्थेच्या अध्यक्षांना किंवा सचिवांना गाठावे आणि परवानगी मागावी. अनेक ठिकाणी ती थोड्या पैशांत मिळते. कधी मासा विकत घेण्याच्या बोलीवर, कधी ‘साहेब, पकडा आणि सोडून द्या’ या अटीवर. पावसाळ्याच्या सुरुवातीला मात्र कुठेच गळ टाकू नये. कतला, रोहू, मृगळ हे मासे याच काळात अंडी घालायला प्रवाहाच्या उलट चढतात. मुंबईत पवई तलावावर महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशनच्या सभासदांना गळ टाकण्याची सोय आहे. नागपूरला तशी रुळलेली व्यवस्था नाही. एवढे तलाव असलेल्या जिल्ह्यात एखाद्या तलावावर संस्थेच्याच ताब्यात दिवसाच्या पासावर गळाची सोय सुरू केली तर पैसा ढिवरांच्या हाती पडेल आणि हौशी मंडळी अभयारण्यात शिरणार नाहीत.

नुसते पाण्यावर फिरायचे असेल तर रामटेकजवळ खिंडसी आहे. पेंचच्या कोलितमारा भागातही नौकाविहार करता येतो.

फोन नेता येतो का?

अनेकांसाठी हा प्रश्न गळापेक्षा महत्त्वाचा आहे. ताडोब्यात २०१८ च्या अखेरीस सफारीदरम्यान मोबाइलवर बंदी आली. नागपूरकरांना या बंदीचे कारण नीट कळले ते ३१ डिसेंबर २०२४ रोजी. उमरेड-पवनी-करांडला अभयारण्याच्या गोठणगाव भागात ‘एफ-२’ वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी जिप्सींनी अडवली. चित्रफीत पसरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाइडवर निलंबनाची कारवाई झाली. त्यांच्या गाड्यांत बसून ‘अजून थोडे पुढे घ्या’ म्हणणारे पर्यटक मात्र घरी गेले. कॅमेरा वेगळा न्यायचा असल्यास नोंदणी करतानाच त्याचे शुल्क पाहून घ्यावे.

रात्रीचे काय?

तंबूची खरी ओढ आकाशाची असेल तर त्यासाठी पेंचइतकी चांगली जागा जवळपास नाही. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ हा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला. भारतात पहिला, आशियात पाचवा. त्यासाठी वाघोडा, सिल्लारी, पिपरिया, खापा या बफरमधील गावांत शंभराहून अधिक पथदिवे बदलून प्रकाश खाली जमिनीकडे वळवण्यात आला. वाघोडा परिसरात आकाशनिरीक्षणासाठी दुर्बिणीची सोय उभारली आहे. नागपूरच्या गच्चीवरून मोजके तारे दिसतात. तिथे अमावास्येच्या आसपास, नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या कोरड्या रात्री आकाशगंगेचा पट्टा नुसत्या डोळ्यांनी ओळखता येतो. फोनची स्क्रीन विझवून डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वीसेक मिनिटे लागतात. विजेरी लागलीच तर तिच्या काचेवर लाल कागद लावून न्यावी.

निघण्यापूर्वी

सफारीची नोंदणी वन विभागाच्या अधिकृत पोर्टलवर होते. नोंदणीत दिलेले तेच ओळखपत्र प्रवेशद्वारावर मूळ प्रतीत दाखवावे लागते. शनिवार-रविवारच्या फेऱ्या आधीच भरतात, मधल्या वारांना जागा मिळण्याची शक्यता जास्त. प्रवेशद्वाराला आठवड्यातून एक दिवस सुटी असू शकते, ती नोंदणी करतानाच पाहावी. डिसेंबरात उघड्या जिप्सीत पहाटे कानटोपी आणि जाड जॅकेट हवेच, दुपारी तेच जॅकेट हातात वागवावे लागते. देवलापारनंतर फोनची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे तिकीट आणि नकाशा आधीच उतरवून ठेवावा. आणि गळ घरीच ठेवावा, निदान त्या आठवड्यापुरता.